‘कामाला, बाबी’ची तबकडी

आमच्या तात्यांच्या भोंग्यांतून आयुष्यभरात किती गाणी वाजली असतील याची मोजदाद कुणी केली नाही, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख राहिली ती एका गाण्यामुळे, आणि त्या गाण्यातला एक शब्दही आमच्या घरात कुणाला कळत नव्हता. तात्या म्हणजे माझे वडील. वारूळवाडीत आमची थोडी बागायत होती, ती चुलते बघायचे. तात्यांचा जीव लाउडस्पीकरात. दोन भोंगे, एक मशीन, बॅटरी, रेकॉर्ड वाजवायची पेटी आणि पत्र्याच्या ट्रंकेत मलमलीच्या फडक्यांत गुंडाळलेल्या तबकड्या, एवढा संसार घेऊन ते लग्नाच्या तिथींना बैलगाडीतून गावोगाव जायचे. माणूस तसा अबोल. माईकसमोरसुद्धा ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ यापलीकडे त्यांची गाडी जात नसे. उरलेलं बोलणं त्यांनी रेकॉर्डींवर सोपवलं होतं.

ती तबकडी माझ्या आत्याच्या नवऱ्यानं आणली. ते मुंबईला गोदीत होते आणि सुट्टीला येताना कुठल्यातरी चमत्कारिक वस्तू घेऊन यायचे. पातळ कागदी वेष्टणावर गुडघे वाकवलेली एक बाई आणि एक बुवा, आणि पाठीमागे पावलांचे ठसे छापलेले: डावं, उजवं, मधे वळणाचे बाण. तात्यांनी ती पहिल्यांदा लावली तेव्हा आई चुलीपुढं मासवडीचं सारण परतत होती. आत खोबरं-तिळाचा खमंग वास आणि माडीवरनं अचानक ढोलांचा धडाका, त्यावर एक घोगरा बाप्या जीव तोडून ओरडतोय. आई हातातलं उलथणं घेऊन जिन्यापाशी आली. “अवो, त्यो कुनाला बोलावतोय एवढं?” तात्यांनी पुन्हा सुई ठेवली. आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. तो म्हणत होता, “कामाला, बाबी! कामाला, बाबी!” आमच्या आळीत खरोखरच एक बाबी होती आणि ती कामाला जायला भारी कंटाळायची. झालं. त्या दिवसापासून गाण्याचं नाव ठरलं.

गाणं होतं मोठं अंगात येणारं. वरातीत ते लागलं की उपरणंवाले सोयरेसुद्धा पाय हलवायला लागायचे. पण आमच्या घरी त्या गाण्यावर खरं प्रेम केलं ते एका पाहुण्यानं. जुन्नरचे बँडवाले मास्तर. त्यांना सगळे नुसतंच मास्तर म्हणायचे, आम्ही मुली मास्तरचाचा. उंच, सडसडीत, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि बोटं इतकी लांब की क्लॅरनेट त्यांच्या हातात खेळण्यासारखी दिसायची. वरातीपुढं त्यांचा बँड आणि मांडवात तात्यांचे भोंगे, असं कित्येक लग्नांत जोडीनं चालायचं. दोघांचा धंदा तसा एकमेकांच्या मुळावरचा, पण त्यांचं मेतकूट होतं. ईदला चाचींकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्याकडून चकल्या-शंकरपाळ्यांचा जायचा. मास्तर आले की आई आवर्जून मासवडी करायची आणि ते रस्सा ओरपत म्हणायचे, “वहिनी, ही खाल्ली की फुंकीत जोर येतो बघा.”

त्या गाण्याच्या मध्यावर गाणारा थांबायचा आणि एक वाद्य सुरू व्हायचं, आमच्या क्लॅरनेटच्या लांबच्या भावासारखं, जाड आवाजाचं. ते लाडात येऊन हेलकावे खायचं, चिडायचं, मग हसत हसत खाली उतरायचं. मास्तर तेवढा तुकडा डोळे मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, “तात्या, आठ दिस देता का रेकॉर्ड? हा तुकडा मला घ्यायचाय.” तात्या आपली तबकडी सख्ख्या भावाच्या हातात देत नसत, पण मास्तरांना दिली. आठव्या दिवशी मास्तर ती घेऊन परत आले. दुहेरी मलमलीत, वर वर्तमानपत्र, वर सुतळी.

आता जे सांगायचं ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आमच्याकडं नाचणं म्हणजे तमाशातल्या बायांचं काम, आणि नारायणगाव तर तमाशाचंच गाव, त्यामुळं चांगल्या घरच्या पोरीचा पाय चुकून तालात पडला तरी कुणीतरी डोळे वटारायचं. पण वेष्टणावरचे ते ठसे मी पाठ केले होते. मास्तर रेकॉर्ड देऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आई आणि माझी थोरली बहीण शालनताई कांद्याच्या खुरपणीला, तात्या भोंग्याची वायर आणायला नारायणगावात. मी माडीवर गेले, तबकडी लावली, आवाज बारीक ठेवला, परकर खोचला आणि नाचायला लागले. पायाच्या चवड्यावर उभं राहायचं आणि विडी विझवावी तसा चवडा जमिनीवर घोळवायचा, गुडघे एकीकडं, हात दुसरीकडं. हे करताना काय वाटलं ते मला आजही नीट लिहिता येणार नाही. आपलं अंग आपलंच आहे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, एवढंच म्हणते.

माडीची जमीन फळ्यांची होती. ‘कामाला, बाबी’ तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी भान हरपून उडी मारली, फळ्या हादरल्या, आणि सुईचा दांडा उडून तबकडीवर करकरत घसरला. तो आवाज अजून कानात आहे. उजेडात धरून पाहिलं तर काळ्याभोर तबकडीवर आडवा पांढरा चरा. मी ती पुसली, दुहेरी मलमलीत गुंडाळली, वर्तमानपत्र, सुतळी, सगळं होतं तसं बांधून ठेवलं. मास्तरांनी बांधलं होतं तसं.

तात्यांनी सुतळी सोडली ती तीन दिवसांनी, एका लग्नाच्या मांडवात. दुसरं कडवं संपलं, मधलं वाद्य सुरू व्हायचं तर सुई चऱ्यावरनं सरकली आणि एकदम शेवटच्या आरोळीवर जाऊन पडली. तात्या घरी आले आणि पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. मास्तर पुढच्या आठवड्यात आले तेव्हा ओसरीवरच बोलणं झालं. “मी अशी न्हाई दिली, तात्या,” मास्तर म्हणाले. “मग काय घरात बसल्या बसल्या चरा पडला?” तात्या म्हणाले. मी दाराआड उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. मास्तरांनी दाराकडं पाहिलंसुद्धा, बहुतेक पाण्याचा तांब्या येईल म्हणून. तांब्या गेला नाही. ते पायरी उतरले आणि मग दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढले नाहीत.

ह्या दोन वर्षांत एक गंमत झाली, आणि ती गंमत मला फार बोचली. तात्यांना दुसरी तशी रेकॉर्ड मिळाली नाही. लोक तर त्याच गाण्यासाठी हट्ट धरायचे, म्हणून ते तीच तुटकी लावत राहिले, आणि हळूहळू लोक मधला तुकडा विसरले, त्यांना वाटलं गाणं असंच आहे. दुसरं कडवं, मग ‘टक्’, मग आरोळी. ती ‘टक्’ आली की सगळा घोळका एकदम उडी मारायचा. बघता बघता गाणं भोंग्यांतून बाहेर पडून सगळीकडं फिरायला लागलं. एका तमाशा पार्टीनं त्याच्या चालीवर ढोलकीवरची लावणी बांधली, त्यात ‘टक्’च्या जागी नाचणारी गिरकी सोडून उडी घ्यायची. शाळेच्या कवायतीच्या गुरुजींनी त्यावर लेझीम बसवलं. आमच्या भजनी मंडळानं ‘कामाला, बाबी’च्या जागी ‘धाव गा, देवा’ घातलं, आणि बुवासुद्धा तिथं टाळ मधेच थांबवून पुढच्या ओळीवर उडी घ्यायचे. घाटघरकडच्या वऱ्हाडातल्या बायांनी फेर धरला तर त्यांचाही पाय नेमका तिथं उचलला जायचा. माझ्या एका उडीनं दोन तालुके उड्या मारत होते.

परवा माझ्या नातीनं फोनवर ते गाणं शोधून दिलं. मूळ गाणं कुणाचं, ते विचारलं तर तिनं डझनभर लोकांनी गायलेलं काढून दाखवलं. एकात नुसता पियानो, एकात बायकांचा ताफा, एक कुठल्यातरी अनोळखी भाषेत. आमच्या तबकडीवरचा घोगरा बाप्या त्यात होता, पण पहिला तो नव्हताच. त्यानंही दुसऱ्याचं उचललेलं. नात म्हणाली, “आजी, ‘कामाला, बाबी’ नाही गं, ‘कम ऑन, बेबी’! ओरिजिनल ऐक ना!” मी ऐकलं. चांगलं होतं. पण दुसऱ्या कडव्यानंतर माझा पाय आपोआप उचलला गेला आणि गाणं तसंच पुढं चालू राहिलं, तेव्हा खुर्चीचा हात धरावा लागला.

सगळ्या पंचक्रोशीत गाणं अख्खं वाजवणारा एकच माणूस होता, मास्तर. त्यांनी तो मधला तुकडा सुरानसूर उचलला होता आणि त्यांचा बँड तो वाजवायचाच. आणि लोक काय म्हणायचे? “मास्तर चुकलं! मधेच कायतरी आपलंच घालत्यात.” पोरं ‘टक्’च्या जागी उडी मारायची, क्लॅरनेट चालूच राहायची, ताल चुकायचा, नाचणारे वैतागायचे. मास्तरांचं वय झालं असंही कुणी म्हणालं. हे बोलणं आमच्या ओसरीवर यायचं तेव्हा तात्या उठून आत जायचे. आणि मी भाकरी थापत असले तर ती हमखास फाटायची.

डबे मात्र पूर्ण थांबले नव्हते. आई आणि चाची जुन्नरच्या बाजारात भेटायच्या, लसणाच्या ढिगाआड उभ्या राहून पिशव्यांची अदलाबदल करायच्या. घरी आल्यावर आई म्हणायची, “बाजारात एका बाईनं दिला शिरखुर्मा.” तात्या वाटी चाटूनपुसून खायचे.

मग शालनताईचं लग्न ठरलं. मुलगा आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. सासऱ्यांनी मान-पान काही मागितलं नाही, एकच म्हणाले, “बँड जुन्नरच्या मास्तरांचाच पायजे. माझ्या लग्नात त्यांच्या वडलांनी वाजवलं व्हतं.” तात्या ‘बघू’ म्हणाले आणि बघू-बघूत लग्न दहा दिवसांवर आलं. शेवटी आईनं पदर खोचला. “तुमी नगा जाऊ. मी जाते. सुमे, चल.” सुमी म्हणजे मी.

मास्तरांचं घर एका अरुंद बोळात होतं. भिंतीवर ट्रंपेट, ताशे आणि लाल कोट टांगलेले. चाचींनी चहा दिला. आईनं लग्नाचं सांगितलं. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, “वहिनी, शालन माझ्या मांडीवर खेळलीय. पन ज्या घरात मला खोटं ठरवलं, त्या घरच्या मांडवात कसा वाजवू? श्वास पुरायचा न्हाई मला.” त्यात राग नव्हता. ‘श्वास पुरायचा नाही’ हे त्यांनी दुखणं सांगावं तसं सांगितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “चाचा, चरा मी पाडला.”

आईच्या हातातली बशी तिथंच थांबली. मी सगळं सांगितलं. फळ्या, उडी, मलमल, सुतळी. मास्तर मला जवळ घेतील, जाऊ दे बेटा म्हणतील, असं मला मनातून वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, “त्या दिशी दाराआड तूच व्हतीस ना?”

“व्हय.”

“मग हितं येऊन मला काय सांगतीस? तुझ्या बापाला सांग. मी येतो का न्हाई, ते मंग बघू.”

येताना एसटीनं फाट्यावर उतरलो, उन्हात चालायला लागलो. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आई मधेच थांबली. म्हटलं आता मुस्काटात बसतेय.

“नाचत व्हतीस म्हंजी? कसं?”

“आई…”

“दाखव की.”

मी रस्त्यावर, चपला काढून, तापल्या मातीवर तो चवडा घोळवून दाखवला. गुडघे इकडं, हात तिकडं. आई गंभीर चेहऱ्यानं बघत होती. मग म्हणाली, “एवढंच?” आणि तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते नुसतंच पाणी राहिलं. “एवढ्यासाठी दोन वर्सं चोरावानी डबे नेले व्हय मी?” ती म्हणाली. मी मार खाल्ला असता तर विसरले असते. हे वाक्य नाही विसरले.

तात्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते ओसरीवर मशीन उघडून ब्रशनं धूळ झाडत होते. मी बोलत होते आणि ब्रश चालूच होता. मी थांबल्यावरही चालू होता. शेवटी त्यांनी झाकण लावलं, चारही स्क्रू एकेक करून पिळले आणि म्हणाले, “मास्तरला निरोप धाड. सुमीनं सांगितलं म्हनावं.” आई म्हणाली, “निरोप कशाला? तुमीच जा.” ते गेले नाहीत; निरोप शेवटी आईनंच बाजारात चाचींना सांगितला. मला वाटलं ते माझ्यावर इतके रागावलेत की त्यांना कुणाचं तोंड बघायचं नाही.

लग्नाच्या सकाळी मांडवाच्या दोन खांबांवर तात्यांनी भोंगे बांधले, एक गावाकडं तोंड करून, एक नारायणगावच्या दिशेला. मास्तरांचं काहीच कळलं नव्हतं. वऱ्हाडाचा टेंपो वेशीवर आला तरी वाट रिकामीच. महाळुंग्याच्या सासऱ्यांनी चौकशी केली, चुलते चाचरले, ताई आत मुंडावळ्या बांधून रडकुंडीला आलेली. आणि मग पिंपळापलीकडनं ताशाचा आवाज आला. लाल कोट. पुढं मास्तर. त्यांनी तात्यांकडं पाहिलं नाही आणि तात्या वायरी सारख्या करत राहिले.

नवरदेव वेशीवरनं निघाला. देवाची गाणी झाली, दोन सिनेमाची झाली, मांडव जवळ आला आणि पोरांनी गलका केला, “मास्तर, बाबी! बाबी!” मास्तरांनी मान हलवली. ढोल धडाडला, पोरं घुसली, वऱ्हाडातले जाडजूड मामासुद्धा घुसले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि सगळ्यांनी एकदम उडी मारली. क्लॅरनेट पुढंच गेली. मामा धडपडले, कुणाचं पागोटं पडलं, आणि नवरदेवाच्या एका मित्रानं हात वर करून ओरडून सांगितलं, “ए बँडवालं, चुकलं की राव! वाजवता येत नसंल तर भोंगं लावा!” हशा पिकला. मास्तरांनी क्लॅरनेट तोंडातून काढली. एकेक करून बाकीची वाद्यं थांबली. मी मांडवाच्या दारात अक्षतांचं ताट घेऊन उभी होते, आणि आपण ओरडून सांगावं असं वाटत असूनही उभीच राहिले.

तेवढ्यात भोंगे खरखरले.

“हॅलो,” तात्यांचा आवाज आला. “हॅलो. हॅलो.” सगळ्यांना वाटलं आता एक, दोन, तीन येणार. “मास्तर चुकलं न्हाईत. चूक माझ्या रेकॉर्डीत हाय. दोन वर्सं तुमी समद्यांनी ऐकलं ते तुटकं गानं. मास्तर वाजवत्यात ते अख्खं.” थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू आला, गावाकडंही आणि नारायणगावाकडंही. “रेकॉर्ड माझ्या घरात खराब झाली आन् आळ मी मास्तरांवर घेतला. त्यो खोटा व्हता. मास्तर, मी चुकलो.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, क्लॅरनेटच्या तोंडाची पट्टी पुसली, आणि आपल्या लोकांना म्हणाले, “पुन्यांदा. पयल्यापासनं.”

त्या वेळी तो मधला तुकडा त्यांनी जसा वाजवला तसा मी नंतर कधी ऐकला नाही, फोनवरच्या डझनभर लोकांकडूनही नाही. पोरं उडी मारायला सज्ज होती, ती तशीच थांबली आणि ऐकत राहिली. मग त्यांना सापडलं, की इथं उडी नाही, इथं डुलायचं.

दुपार कलल्यावर घरच्यांची शेवटची पंगत बसली. तात्या आणि मास्तर शेजारी शेजारी बसले होते, पण बोलत नव्हते. मी बुंदी वाढत होते. मास्तर माझ्याशीही सकाळपासून बोलले नव्हते. त्यांच्या पत्रावळीपुढं मी वाकले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, “चाचा, लोक एवढं चुकलं-चुकलं म्हनत व्हती. तुमी पन तुटकंच का न्हाई वाजवलं? कुनी नाव ठेवलं नसतं.”

“तुटकं वाजवलं असतं तर तुझ्या बापाला कळलं कसं असतं?” ते म्हणाले. “रेकॉर्ड माझ्याकडं व्हती तवा ती अख्खी व्हती, ह्याला मला दुसरा साक्षीदार कुठं व्हता?”

तात्या पत्रावळीकडं बघत होते. “कळलं व्हतं,” ते म्हणाले.

“कवा?”

“भांडनानंतरच्या पयल्याच वरातीत. मी खांबावर चढून भोंगं बांधत व्हतो. तुमी मधला तुकडा वाजवला, एक सूर हिकडं-तिकडं न्हाई. इतकं जपून घेनारा मानूस तबकडीला चरा पाडंल व्हय? तवाच कळलं.”

मी परात घेऊन तशीच उभी राहिले. मास्तरांनी घास खाली ठेवला.

“मंग दोन वर्सं, तात्या?”

“तुमच्या दारात यायला तोंड न्हवतं.”

मास्तरांनी माझ्या परातीत हात घालून ओंजळभर बुंदी उचलली आणि तात्यांच्या पत्रावळीवर ठेवली.

“आता हाय ना?” ते म्हणाले. “मंग खा.”